बुचाचं जाकीट, काताची शिडं आणि गळ लावणाऱ्या बायका : व्हिटबीचे जुने फोटो कसे वाचायचे

हेन्री फ्रीमन नावाच्या एका मच्छीमाराचा फोटो आहे. भरघोस दाढी, डोक्यावर पाणी न शिरणारी टोपी आणि छातीभोवती बुचाच्या जाडजूड पट्ट्या शिवलेलं जाकीट. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर यॉर्कशर परगण्यात व्हिटबी नावाचं बंदर आहे, तिथला हा माणूस. फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, फोटोसाठी मुद्दाम चढवलेला वेश असावा.

मग त्याची हकीकत कळली. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबीसमोर मोठं वादळ झालं आणि एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर आदळू लागली. तिथली जीवरक्षक नाव त्या दिवशी पाच वेळा पाण्यात गेली आणि पाचही वेळा माणसं घेऊन परतली. सहाव्या खेपेला ती उलटली, धक्क्यावर जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो एकटा फ्रीमन, आणि नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं. पुढे तो त्याच बंदरातल्या जीवरक्षक नावेचा प्रमुख झाला आणि त्याच्या हयातीत तीनशेहून जास्त जीव वाचवण्यात त्याचा हात लागला. १९०४ च्या डिसेंबरात मासेमारी करतानाच त्याची होडी उलटली आणि तो बुडाला.

आता तो फोटो समोर आला की माझी नजर चेहऱ्याच्या आधी त्या जाकिटावर जाते.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांचे आणि मच्छीमारांचे असे हजारो जुने फोटो आज सहज पाहायला मिळतात. बहुतेक जण ते पाहतात, 'किती सुंदर' म्हणतात आणि पुढे जातात. सुंदर ते आहेतच. पण त्यात नुसत्या सौंदर्यापेक्षा कितीतरी जास्त भरलेलं आहे. ते दिसायला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : फोटो काढणारा तिथे कशासाठी होता, त्याच्या कॅमेऱ्याला काय दिसू शकत होतं, आणि समोरची माणसं नेमकं कुठलं काम करत होती. व्हिटबी आणि तिच्या आसपासची खेडी या तिन्हींसाठी फार चांगलं उदाहरण आहे.

फ्रीमनचा तो फोटो काढला फ्रँक मेडो सटक्लिफनं. जन्म १८५३, लीड्सजवळच्या हेडिंग्लीत. वडील चित्रकार. १८७० च्या सुमारास कुटुंब व्हिटबीला आलं आणि लगेच १८७१ मध्ये वडील वारले. सटक्लिफनं आधी दक्षिणेकडे टनब्रिज वेल्स या गावात स्टुडिओ काढून पाहिला, तो चालला नाही. १८७६ मध्ये तो व्हिटबीला परतला आणि बंद पडलेल्या एका कारखान्यात त्यानं दुकान थाटलं. कारखाना होता जेटचा. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून काळंभोर झालेलं लाकूड. व्हिक्टोरिया राणी नवऱ्याच्या दुखवट्यात काळे दागिने घालू लागली तशी त्याला प्रचंड मागणी आली, आणि हे जेट व्हिटबीच्या कड्यांतून निघायचं.

सटक्लिफचं पोट भरत होतं ते उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांवर. दिवसभर स्टुडिओत त्यांचे फोटो काढायचे. आज आपण ज्यांच्यासाठी त्याला ओळखतो ते बंदराचे, गल्ल्यांचे, मच्छीमारांचे फोटो त्यानं उरलेल्या वेळात काढले. लांब जायला ना वेळ होता ना पैसा. म्हणून मैल-दोन मैलांच्या परिसरातली तीच माणसं, तोच धक्का, तीच ओहोटी त्यानं वर्षानुवर्षं टिपली. माझ्या मते त्याच्या फोटोंचं खरं बळ या अडचणीत आहे. नवं दृश्य शोधायला जाता येत नव्हतं, तेव्हा त्याच दृश्यावर धुकं कधी उतरतं, चुलींचा धूर कुठल्या वेळी खाली बसतो, हे त्याला पाठ झालं. समोरची माणसंही त्याला ओळखत होती. वाटेत भेटलेल्या परक्यासाठी माणूस जसा ताठ उभा राहतो, तसं त्याच्या फोटोंत सहसा कोणी उभं नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं 'ओल्या काचे'ची रीत काढली. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की फोटो गेला. म्हणजे समुद्रकाठी फोटो काढायचा तर तंबू, बाटल्या, पाणी, काचा असं सगळं बिऱ्हाड सोबत न्यायचं. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सनं जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार कोरड्या काचा दुकानात मिळू लागल्या. तंबू गेला. लख्ख उजेडात सेकंदाच्या छोट्या अंशात फोटो येऊ लागला. सटक्लिफची कारकीर्द नेमकी या बदलाच्या तोंडावर सुरू झाली.

तरी या काचांत एक मोठा दोष होता, आणि जुने फोटो वाचताना तो कायम ध्यानात ठेवावा लागतो. त्यांना निळा आणि जांभळा प्रकाश चांगला दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. निळं आकाश म्हणून पांढरंफटक येई. जुन्या फोटोंत ढग क्वचित दिसतात ते त्यामुळे. निळे स्वेटर प्रत्यक्षापेक्षा फिके येत. आणि तांबडं जे जे असेल ते काळवंडून जाई. वाऱ्या-उन्हानं लाल झालेली गोरी कातडी फोटोत गडद येई, तिच्यावरचे डाग आणि सुरकुत्या उठून दिसत. त्या फोटोंतले मच्छीमार इतके रापलेले, इतके करडे का दिसतात, याचं उत्तर काही अंशी समुद्रात आहे आणि काही अंशी काचेत.

सगळ्यात मोठी फसगत शिडांच्या बाबतीत होते. फोटोत ती काळपट दिसतात, म्हणून वाटतं की मळकी असतील. प्रत्यक्षात त्यांतली बरीच तांबूस तपकिरी, कधी तर विटेसारखी लाल असत. सुती किंवा तागाचं कापड खाऱ्या पाण्यात कुजतं. ते टिकावं म्हणून शिडं आणि जाळी टॅनिन असलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून काढत. आधी त्यासाठी ओक झाडाची साल वापरत. एकोणिसाव्या शतकात तिची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली ती काताने. होय, आपल्या विड्यातला कात. खैराच्या गाभ्याची लाकडं उकळून काढलेला हा अर्क भारतातून आणि ब्रह्मदेशातून जहाजांनी इंग्लंडला जायचा, आणि तिथले मच्छीमार त्याला 'कच' म्हणत. रायगड-ठाण्याच्या रानातल्या कातकरी समाजाला ज्या कामावरून नाव मिळालं, ते हेच काम. हे समजलं तेव्हा मी उत्तर समुद्रातल्या शिडांचे फोटो पुन्हा काढून बसलो. त्या काळ्या त्रिकोणांत तांबडा रंग मनातल्या मनात भरून पाहिला, आणि अख्खं बंदर वेगळं दिसू लागलं.

काचेचा दुसरा परिणाम म्हणजे स्थिरता. धुकं असेल, अरुंद गल्लीतली सावली असेल, तर कोरड्या काचेलाही उजेड पुरत नसे. कधी अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ झाकण उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ माणसांनी हलायचं नाही. म्हणून 'गप्पा मारणारे मच्छीमार' त्या क्षणी खरं तर बोलत नाहीत. बोलता बोलता थांबून राहिलेत. याला खोटेपणा म्हणावं असं मला वाटत नाही. ती रोज तिथेच बसत, असंच बसत. फोटोसाठी फक्त श्वास रोखला. पण कुठे थांबवलंय आणि कुठे नाही, ते शोधावं. पाण्याचं दूध झालंय का पाहा. डोलकाठीचे दोर दुहेरी दिसतात का, कुत्र्याला शेपूट आहे का, धूर कापसासारखा पसरलाय का. चेहरा कोरल्यासारखा स्पष्ट आणि बोटं मात्र पुसट असतील, तर ती बाई फोटोसाठी थांबलीच नाही. तिचं काम चालू होतं.

आणि काम काय होतं, इथे थोडं थांबायला हवं, कारण या फोटोंतली सर्वात मोलाची माहिती इथेच आहे.

व्हिटबीच्या उत्तरेला स्टेथ्स आणि रन्सविक, दक्षिणेला रॉबिन हुड्स बे. कड्याच्या पोटात दाटीवाटीनं वसलेली ही खेडी. इथली होडी म्हणजे कोबल : पुढून खोल, मागून सपाट, फळ्यांवर फळ्या चढवून बांधलेली, धक्का नसला तरी वाळूवरून पाण्यात ढकलता येणारी. परतताना ती मागचा भाग किनाऱ्याकडे करून लागते. थंडीच्या दिवसांत कॉड वगैरे मासे धरायचे ते लांब दोरीवर. एका दोरीला ठरावीक अंतरावर शेकडो गळ. होडीत साधारण तीन माणसं, प्रत्येकाच्या वाट्याच्या दोऱ्या वेगळ्या. म्हणजे दर खेपेला हजारो गळांना आमिष लावायचं.

ते लावायच्या बायका. आधी आमिष आणायचं. ओहोटीला खडकांवर जाऊन, खडकाला घट्ट चिकटलेली लिंपेट नावाची टोपीसारखी शिंपली सुरीनं उचकटायची. तिकडच्या बोलीत तिला फ्लिदर म्हणत, आणि ती गोळा करणाऱ्या मुली कड्याखालून मैलोन् मैल चालत. टोपल्या भरून पाठीवर नाहीतर डोक्यावर. शिंपले पुरले नाहीत तर दुसऱ्या किनाऱ्यावरून मागवायचे. मग घरी, दारात किंवा परसात बसून एकेक शिंपला सुरीनं उघडायचा, आतला मऊ गोळा अख्खा काढायचा, गळात ओवायचा. परत आलेली दोरी आधी साफ करायची, जुनं कुजकं आमिष काढायचं, तुटलेले गळ बदलायचे. शेवटी आमिष लावलेली दोरी वेताच्या पसरट टोपलीत वेटोळी घालून रचायची, सगळे गळ एका अंगाला राहतील अशी. हे रचणं साधं नाही. भर समुद्रात, पहाटेच्या अंधारात, थंडीनं बधिर झालेल्या हातांनी नवरा किंवा मुलगा ती दोरी सोडणार. एक गळ भलत्या वेटोळ्यात अडकला तर सगळी दोरी गुंतायची, नाहीतर गळ हातात घुसायचा.

आता दारात बसलेल्या बायकांचा फोटो पाहा. पायाशी टोपली, शेजारी शिंपल्यांची रास, मांडीवर दोरी. ज्या फोटोला आपण 'निवांत दुपार' म्हणून पुढे सारतो, तिथे उद्याच्या खेपेची निम्मी मासेमारी चालली आहे.

त्यांच्या डोक्यावरची टोपीही नीट पाहण्यासारखी. स्टेथ्सची सुती टोपी प्रसिद्ध आहे : वर दुहेरी कापड, कपाळाशी चुण्या, मागे मानेवर लोंबणारी झालर. डोक्यावर माशांची ओली टोपली घेतली की पाणी मागे गळतं. ते मानेतून पाठीवर उतरू नये म्हणून ती झालर. कोणीतरी कामावरून आखलेली ती वस्तू आहे.

उन्हाळ्यापासून हेरिंगचा हंगाम. हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. त्याचे थवे उत्तरेकडून खाली सरकत तसे त्यांच्यामागे नावा आणि नावांमागे स्कॉटलंडच्या मुली रेल्वेनं गावोगाव येत, शेवटी शरदात ग्रेट यार्मथ आणि लोस्टॉफ्ट या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत. तिघींची टोळी : दोघी मासे चिरून आतडी काढणार, एक मिठात पिंपात रचणार. बोटं कापू नयेत म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या. यार्मथच्या फोटोंत त्या हसताना दिसतात आणि हातात बहुधा विणकाम असतं. पिंपं यायला उशीर झाला की तेवढ्यात चार ओळी विणून घ्यायच्या. हाताच्या चिंध्या तशाच.

विणकामावरून मच्छीमारांचा स्वेटर आला. तिकडे त्याला गॅन्सी म्हणतात. पाच सुयांवर, शिवण न ठेवता, इतक्या घट्ट विणीचा की वारा शिरत नाही आणि पाणीही लवकर मुरत नाही. वर दोरखंड, शिडी, चौकट असे नक्षीकाम. एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते : प्रत्येक गावाची नक्षी ठरलेली, बुडालेल्याचं प्रेत लांब कुठे लागलं तरी नक्षीवरून गाव ओळखू येई. गोष्ट हृदयाला भिडते, पण जुने फोटोच तिला आधार देत नाहीत. एकाच गावच्या, एकाच होडीच्या माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या नक्ष्या दिसतात. साहजिक आहे. मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जात, हेरिंगच्या हंगामात चार गावच्या मुली एकत्र विणत, आवडलेली नक्षी उचलत. काही स्वेटरांवर नावाची अक्षरं विणलेली असत, त्यावरून ओळख पटणं शक्य होतं. नक्षी गावाची खूण होती असं मात्र फोटो पाहून म्हणता येत नाही.

फोटो कधीचा, कोणाचा, हे शोधायची सर्वात भरवशाची जागा म्हणजे होडीचा पुढचा भाग. १८६८ च्या ब्रिटिश मासेमारी कायद्यानं प्रत्येक होडीवर बंदराची अक्षरं आणि क्रमांक रंगवणं सक्तीचं झालं. व्हिटबीची अक्षरं 'डब्ल्यू वाय', पेन्झन्सची 'पी झेड', लोस्टॉफ्टची 'एल टी'. मोठ्या काचेवरचा फोटो इतका बारीक असतो की संगणकावर वाढवला तर कोपऱ्यातल्या होडीचा क्रमांकही वाचता येतो. क्रमांक मिळाला की बंदराच्या नोंदवहीतून होडीचं नाव आणि मालक मिळतो. मालक मिळाला की दर दहा वर्षांच्या जनगणनेत त्याचं घर आणि घरातली माणसं सापडतात. पोस्टकार्ड असेल तर आणखी सोपं : ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी नव्हती. मागची बाजू मधोमध दुभागलेली असेल तर कार्ड त्यानंतरचं.

आणि फोटोत काय नाही, तेही विचारावं. खोल समुद्रात, रात्री, वादळात चाललेली मासेमारी जवळजवळ नाही, कारण हलत्या होडीत तिपाई उभी राहत नाही आणि अंधारात काच काही टिपत नाही. म्हणून या धंद्याचा सर्वात धोक्याचा भाग आपल्याला कधी दिसत नाही. दिसतो तो किनारा. वाफेच्या बोटीही थोड्याच. १८८१ मध्ये ग्रिम्सबी बंदरासाठी 'झोडियाक' नावाचा वाफेचा ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी बोट, बांधला गेला आणि पुढच्या वीसेक वर्षांत मासेमारीचं वजन मोठ्या बंदरांकडे सरकलं. कोबलवाल्या खेड्यांचा ऱ्हास सुरू झाला तो याच काळात, आणि नेमका याच काळात शहरी पाहुण्यांना त्यांच्या फोटोंचं वेड लागलं. १८८३ मध्ये स्टेथ्सला रेल्वे आली. तिच्यातून बाहेर माल गेला तसे आत चित्रकारही आले.

सटक्लिफ एकटा नव्हता. नॉरफोकच्या दलदलीत पीटर हेन्री इमर्सन १८८० च्या दशकात बोरू कापणाऱ्यांचे फोटो प्लॅटिनमच्या कागदावर छापत होता. ते आजही फिके पडलेले नाहीत. शेरिंगहॅमला ऑलिव्ह ईडिसनं म्हाताऱ्या मच्छीमारांचे चेहरे खिडकीच्या उजेडात टिपले. कॉर्नवॉल आणि सिलीच्या बेटांवर गिब्सन घराण्यानं पिढ्यान् पिढ्या फुटलेल्या जहाजांचे फोटो काढले, आणि २०१३ मध्ये लंडनच्या ग्रिनिचमधल्या संग्रहालयानं तो सगळा ठेवा विकत घेतला. सटक्लिफ स्वतः म्हातारपणी व्हिटबीच्या संग्रहालयाची देखभाल करू लागला आणि १९४१ मध्ये वारला. त्याच्या काचा टिकल्या.

त्या काचांमधल्या होड्यांवरून नोंदवहीपर्यंत आणि नोंदवहीवरून जनगणनेपर्यंत गेलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. घराच्या ओळीत नवऱ्यापुढे व्यवसाय लिहिलेला असतो, 'मच्छीमार'. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढेही तेच. बायकोपुढचा रकाना बहुतेक वेळा कोरा. आणि फोटोत मांडीवर दोरी असते, हातात शिंपला उघडायची सुरी, आणि बोटं पुसट आलेली.